पोथी, बोली आणि अभ्यासक एका बैठकीत

बुलढाणा जिल्ह्यातील मध्ययुगीन भाषांच्या सहकारी अभ्यासासाठी मागणीपत्र

प्रति,
१) मा. मंत्री, मराठी भाषा विभाग, महाराष्ट्र शासन
२) मा. कुलगुरू, मराठी भाषा विद्यापीठ, रिद्धपूर
३) मा. कुलगुरू, संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ
४) मा. संचालक, राज्य मराठी विकास संस्था, मुंबई
५) मा. जिल्हाधिकारी, बुलढाणा

विषय : जिल्ह्यातील जुन्या पोथ्या, लिप्या व बोली यांचा अभ्यास पोथीधारक, बोलीभाषक आणि विद्यापीठे यांनी बरोबरीने करावा, त्यासाठी नियम, मनुष्यबळ व निधी मिळण्याबाबत.

मा. महोदय,

आम्ही बुलढाणा जिल्ह्यातील मराठीचे प्राध्यापक व शाळाशिक्षक, महानुभाव पंथातील पोथीवाचक, मोडीचे जाणकार, बोलीतले शब्द वहीत टिपून ठेवणारी माणसे आणि घरातली जुनी बासने पिढ्यान्‌पिढ्या जपणारे शेतकरी. आमची संघटना लहान आहे. पण ज्या विषयावर आम्ही लिहितो आहोत तो विषय आमच्या घरातला आहे, म्हणून हे पत्र पूर्ण जबाबदारीने आपल्यापुढे ठेवत आहोत.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच वर्षी रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. ज्या गावी म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले, त्याच गावी मराठीचे विद्यापीठ उभे राहिले, याचा आनंद वऱ्हाडातल्या प्रत्येक मराठी माणसाला झाला. आता प्रश्न पुढच्या कामाचा आहे. अभिजातपणाचा पुरावा म्हणून ज्या ग्रंथांची नावे घेतली जातात, त्यांतल्या कितीतरी ग्रंथांच्या प्रती अजून मठांत आणि घरांत बासनात बांधलेल्या आहेत. त्या वाचणारे डोळे म्हातारे होत आहेत. त्या ग्रंथांतले शब्द ज्यांच्या तोंडी अजून खेळतात, त्यांना ते शब्द 'अशुद्ध' म्हणून शाळेत सोडून द्यावे लागतात.

आमची भूमिका

आमचे म्हणणे एका वाक्यात असे : जुन्या मराठीचे ज्ञान तीन ठिकाणी वाटले गेले आहे आणि ही तिन्ही ठिकाणे बरोबरीच्या नात्याने एकत्र आल्याशिवाय ते पूर्ण होणार नाही.

पहिले ठिकाण पोथी जपणाऱ्याचे. त्याला लिपी येते, ग्रंथाचा संप्रदायातला अर्थ ठाऊक असतो, पोथी कोणाकडून कोणाकडे आली ही परंपरा तो सांगू शकतो. दुसरे ठिकाण बोलणाऱ्याचे. घाटावरची आणि घाटाखालची माणसे आजही असे शब्द व अशी रूपे वापरतात, ज्यांचा माग काढायचा तर यादवकाळापर्यंत जावे लागेल. तिसरे ठिकाण विद्यापीठातल्या अभ्यासकाचे. त्याच्याकडे पाठचिकित्सेची शिस्त, तुलनेची साधने, कोश आणि ग्रंथालये असतात.

आजवर बहुधा असे घडले, की तिसरा माणूस पहिल्या दोघांकडे आला, माहिती घेऊन गेला आणि परत फिरकला नाही. आमच्या एका सभासदाच्या आजोबांनी घरातली पोथी एका संशोधकाला विश्वासाने दिली होती. त्या काळी पावती घ्यायची पद्धत नव्हती. पोथी घरी आली नाही. तिच्यावर काही छापून आले की नाही, हेही त्या घराला कधी कळले नाही. पुढच्या पिढीने साहजिकच देवघराच्या फळीला कुलूप लावले. असे कुलूप एका घरात लागले की ती गोष्ट दहा घरांत पोहोचते. आज एखादा प्रामाणिक विद्यार्थी दारात उभा राहतो आणि त्याला "आमच्याकडे काही नाही" असे उत्तर मिळते, त्यामागे अशा गोष्टी असतात. विश्वास गेला तो व्यक्तींमुळे, पण तो परत आणायचा तर लिखित नियम लागतील. म्हणून हे मागणीपत्र.

या मागणीला जुना आधार आहे

आम्ही काही नवे मागतो आहोत असे नाही. मराठीतला पहिला गद्य चरित्रग्रंथ, लीळाचरित्र, हाच मुळात अनेकांच्या सहकार्याने उभा राहिला. महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधरस्वामी यांच्या प्रयाणानंतर म्हाइंभट गावोगाव हिंडले, ज्यांनी स्वामींना पाहिले-ऐकले त्यांच्याकडून एकेक लीळा मिळवली आणि नागदेवाचार्यांकडून ती पारखून घेतली. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात झालेले हे काम म्हणजे क्षेत्रकार्य आणि तज्ज्ञांकडून पडताळणी. आज विद्यापीठे ज्याला संशोधनपद्धती म्हणतात तीच ही. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ प्रत हरवली, असे परंपरा सांगते. तेव्हा शिष्यांनी स्मरणातून पाठ पुन्हा बांधले. हिराइसेचा पाठ, परशरामबासांचा पाठ असे पाठ त्यांच्या त्यांच्या नावानिशी टिकले. कोणाची आठवण काय सांगते हे नावासह राखून ठेवण्याची ही रीत आम्हाला फार मोलाची वाटते. सांगणाऱ्याचे नाव पुसायचे नाही, हा धडा मराठीने सातशे वर्षांपूर्वीच घालून दिला आहे.

याच लीळाचरित्रात मेहकर आणि लोणार ही आमच्या जिल्ह्यातली गावे येतात. 'बीजें करणे' म्हणजे जाणे-येणे, 'आरोगणा' म्हणजे जेवण, 'पहुड' आणि 'उपहुड' म्हणजे निजणे आणि उठणे, असे शब्द या ग्रंथात पानोपानी भेटतात. हे शब्द कळायला आज कोश उघडावा लागतो. पंथातल्या एखाद्या वृद्ध वाचकाला मात्र त्यांतले कितीतरी शब्द न अडखळता सांगता येतात, कारण त्याने ते पाठ करताना ऐकलेले असतात.

दुसरा आधार आमच्याच मातीतला आहे. मलकापूर तालुक्यातल्या नरवेल गावी २२ जून १९०८ रोजी जन्मलेले डॉ. विष्णु भिकाजी कोलते हे महानुभाव साहित्याचे विसाव्या शतकातले मोठे अभ्यासक. 'महानुभाव तत्त्वज्ञान', 'महानुभावांचा आचारधर्म', 'श्रीचक्रधर चरित्र' हे त्यांचे ग्रंथ आजही या विषयाचा पाया मानले जातात. १९६६ ते १९७२ या काळात ते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू होते, १९६७ च्या भोपाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. शेतकऱ्याच्या घरातला मुलगा तेराव्या शतकाच्या मराठीचा अधिकारी जाणकार होऊ शकतो, हे त्यांनी दाखवले. त्यांच्या आधी यवतमाळचे य. खु. देशपांडे आणि नागपूरचे ह. ना. नेने यांनी ही वाट पाडली होती. पंथाच्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिलेल्या असल्यामुळे शतकानुशतके बाहेरच्या जगाला त्या बंद होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्या काळात ते कोडे सुटले. मग देशपांडे, नेने, कोलते यांच्यासारख्यांनी मठांशी नाते जोडून ग्रंथ उजेडात आणले. मठाची कवाडे उघडली म्हणूनच विद्यापीठातले संशोधन शक्य झाले.

कोलते यांच्याच आयुष्यात सहकार्य तुटल्याचे दुःखही आहे. त्यांनी संपादित केलेले लीळाचरित्र महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातल्या काही भागांवर पंथातून तीव्र आक्षेप आले आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. आमच्या संघटनेत कोलत्यांचे विद्यार्थी म्हणवून घेणारे आहेत, तसे पंथाचे उपदेशी व वासनिक हे गृहस्थ अनुयायीही आहेत. या वादात कोण बरोबर हे ठरवायला आम्ही बसलेलो नाही. ज्याच्यासाठी ग्रंथ पूज्य आहे आणि ज्याच्यासाठी ग्रंथ अभ्यासाचा विषय आहे, त्या दोघांना छपाईच्या आधी एकत्र बसवणारी व्यवस्था तेव्हा नव्हती आणि आजही नाही. ती नसल्याची किंमत पंथानेही मोजली आणि अभ्यासानेही. आमचे दुखणे एवढेच आहे.

जग काय करते

जुन्या मराठीवर बाहेरच्या देशांतही मोलाचे काम झाले आहे. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ झ्यूल ब्लोक यांनी मराठीच्या घडणीवर लिहिलेल्या ग्रंथाचे मराठी भाषांतर वा. गो. परांजपे यांनी १९४१ साली केले. लंडनचे इयन रेसाइड यांनी महानुभाव ग्रंथांची सूची केली आणि सकळ लिपीवर लिहिले. शं. गो. तुळपुळे आणि अमेरिकेतल्या अ‍ॅन फेल्डहाउस यांनी मिळून केलेला जुन्या मराठीचा कोश १९९९ मध्ये मुंबईहून प्रसिद्ध झाला. पुण्याचा पंडित आणि परदेशी अभ्यासक यांनी जोडीने केलेले हे काम सहकार्याचा उत्तम नमुना आहे. पण त्यात अर्थ इंग्रजीत दिले आहेत. मेहकरच्या मराठी शाळेतल्या मुलाला सातशे वर्षांपूर्वीच्या मराठी शब्दाचा अर्थ इंग्रजीतून शोधावा लागतो, ही उणीव त्या दोघा विद्वानांची नव्हे. त्यापुढचे पाऊल टाकणे आपल्याकडे राहून गेले.

आणखी एक उदाहरण फार शिकवून जाते. आइसलँड हा छोटासा देश. त्याच्या मध्ययुगीन पोथ्या शेकडो वर्षे डेन्मार्कमध्ये होत्या. दीर्घ वादानंतर दोन्ही देशांनी वाटणीचा मार्ग काढला. १९७१ मध्ये पहिल्या पोथ्या जहाजाने रेक्याविकला परतल्या आणि १९९७ पर्यंत ते काम चालले. आज तो संग्रह दोन्ही राजधान्यांत आहे आणि दोन्हीकडचे अभ्यासक त्यावर एकत्र काम करतात. वाद होता म्हणून अभ्यास थांबला नाही, आणि अभ्यास हवा म्हणून हक्क बुडवला गेला नाही. आमच्या मागण्यांमागे हाच विचार आहे.

मागण्या

मागणी १ : गावनिहाय नोंदवही. जिल्ह्यातल्या तेराही तालुक्यांत मठ, मंदिरे, मशिदी, जुने वाडे आणि घरे येथील पोथ्या, मोडी व फारसी कागद, ताम्रपट आणि शिलालेख यांची नोंद व्हावी. नोंद धारकाच्या लेखी संमतीनेच व्हावी आणि वस्तू जागची हलवू नये.
कारण : केंद्र शासनाने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ज्ञान भारतम् ही मोहीम जाहीर केली असून एक कोटींहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण व जतन हे तिचे उद्दिष्ट आहे. अशा मोहिमा मोठ्या संस्थांच्या संग्रहांपर्यंत लवकर पोहोचतात, देवघराच्या फळीपर्यंत पोहोचत नाहीत. आमचा जिल्हा एका भाषेचा कधीच नव्हता. एकीकडे यादवकालीन मराठी, दुसरीकडे रोहिणखेडच्या सोळाव्या शतकातल्या मशिदीने आठवण द्यावी असा फारसीचा काळ, सिंदखेड राजाच्या जाधवांच्या परिसरातली मोडी. शेजारच्या वाशीम जिल्ह्यात कारंज्याच्या जैन भांडारांतल्या अपभ्रंश ग्रंथांवरून हिरालाल जैन आणि प. ल. वैद्य यांनी १९३० च्या दशकात केलेली संपादने जगभर वाचली गेली. एका गावच्या भांडारामुळे एका भाषेचा इतिहास पालटू शकतो, याचा पुरावा आमच्या उंबऱ्याजवळच आहे.

मागणी २ : पोथी घरी, प्रतिमा तीन ठिकाणी. छायाप्रतीकरणाचे फिरते पथक धारकाच्या दारी यावे. प्रत्येक पोथीच्या प्रतिमांचा एक संच धारकाला, एक बुलढाणा या जिल्ह्याच्या ठिकाणी आणि एक रिद्धपूरला राहावा. कोणत्या पानांच्या प्रतिमा सर्वांना खुल्या आणि कोणत्या अभ्यासकापुरत्या, हे धारकाने ठरवावे.
कारण : वाळवी, ओल आणि आग यांना हक्क-बिक्क कळत नाहीत. प्रत असली की भीती कमी होते आणि मूळ पोथी वारंवार हाताळावी लागत नाही. पोथी द्यावी लागणार नाही ही खात्री झाली, की बासने आपोआप सुटतील.

मागणी ३ : सहकार्याचा नमुना-करार. शासनाने मराठीत, दोन पानांचा, सर्वांना समजेल असा करार तयार करावा. त्यात चार गोष्टी अनिवार्य असाव्यात : पोथीची पावती, वाचून दाखवणाऱ्याचे व धारकाचे नाव ग्रंथात छापणे, प्रकाशनाची प्रत घरपोच, आणि श्रद्धेशी निगडित मजकूर असल्यास छपाईआधी संयुक्त बैठक. बैठकीत एकमत झाले नाही तर दोन्ही बाजूंचे म्हणणे ग्रंथातच छापावे.
कारण : संपादकाने पाठ बदलावा असे आम्ही म्हणत नाही. पाठ पोथीत आहे तसाच राहिला पाहिजे, नाहीतर अभ्यासाला अर्थ नाही. त्याचबरोबर आक्षेप घेणाऱ्याला ऐकून घेणारी जागाही हवी. ती नसली की तो न्यायालयात किंवा रस्त्यावर जातो. मतभेद नावासह छापण्याची आमची सूचना म्हाइंभटांच्या परंपरेतलीच आहे.

मागणी ४ : लिपीवर्ग आणि गुरूंना मानधन. बुलढाणा, मेहकर, मलकापूर आणि खामगाव येथे दर वर्षी सकळ लिपी, मोडी आणि जुनी देवनागरी यांचे वर्ग चालावेत. फारसीचा एक वर्ग जिल्ह्याच्या ठिकाणी असावा. शिकवायला पंथातले आणि घरातले जाणकार असावेत, त्यांच्या पदवीची अट नसावी आणि त्यांना अभ्यागत प्राध्यापकाइतके मानधन मिळावे. विद्यार्थ्यांना विद्यापीठाने श्रेयांक द्यावेत.
कारण : सकळ लिपीचे कोष्टक छापील मिळते, पण कोष्टकाने लिपी येत नाही. अक्षराचे वळण, लेखकाच्या खुणा, संक्षेप हे गुरूच्या शेजारी बसूनच कळते. सकळेखेरीज सुंदरी, पारमांडल्य, अंक, शून्य अशा अनेक सांकेतिक लिप्या पंथाने वापरल्या. त्या सहज वाचणारी माणसे बहुतेक साठी-सत्तरी ओलांडलेली आहेत. ती गेली की पोथी पुन्हा एकदा कोडे होईल, आणि या वेळी ते सोडवून देणारे कोणी उरणार नाही.

मागणी ५ : जुन्या मराठीचा मराठी कोश, बोलीच्या साक्षीसह. जुन्या मराठीच्या शब्दांचे अर्थ मराठीत देणारा, सर्वांना विनामूल्य पाहता येणारा कोश रिद्धपूरच्या विद्यापीठाने हाती घ्यावा. प्रत्येक शब्दापुढे तो किंवा त्याचे भावंड आज कुठल्या तालुक्यात, कोणत्या अर्थाने बोलले जाते याची नोंद असावी.
कारण : ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ मध्ये आला आणि त्यात वऱ्हाडीची दखल आहे. अलीकडे डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण केले. या दोन्ही कामांना जुन्या ग्रंथांशी जोडणारा पूल बांधायचा राहिला आहे. आम्ही 'मले', 'तुले' म्हणतो. हा 'ले' आणि जुन्या मराठीतला 'लागि' यांचे नाते काय? आम्ही 'येजो', 'करजो' म्हणतो. त्याचा जुन्या ग्रंथांतल्या 'कीजे', 'बोलिजे' यांसारख्या रूपांशी काही संबंध आहे का? मलकापूर-नांदुऱ्याकडची लेवा बोली आणि घाटावरची वऱ्हाडी यांतला फरक केव्हापासूनचा? हे प्रश्न आम्ही उत्तर ठाऊक असल्याच्या आविर्भावात विचारत नाही. ते नीट तपासले जावेत, एवढेच मागतो. ते तपासायला पोथी आणि बोलणारी आजी दोघीही लागतील, आणि दोघीही आमच्याकडे आहेत.

मागणी ६ : स्थानांचा आणि शब्दांचा एकत्र अभ्यास. 'स्थानपोथी' या महानुभाव ग्रंथात वर्णन केलेली जिल्ह्यातली स्थाने पुरातत्त्वज्ञ, पंथाचे जाणकार आणि भाषाभ्यासक यांनी एकत्र फिरून पाहावीत.
कारण : स्थानपोथीत दिशा, दार, ओटे, मढ यांची बारीक वर्णने आहेत. 'पटिशाळ', 'सोंडी', 'दारवठा' असे वास्तूचे शब्द कोशात पाहून अर्धे कळतात. लोणारच्या किंवा मेहकरच्या जुन्या देवळासमोर उभे राहून वाचले की उरलेले अर्धे कळू शकतात. पुरातत्त्वालाही यातून मदत होईल, कारण पडझड झालेल्या वास्तूचे तेराव्या शतकातले रूप सांगणारा साक्षीदार सहसा मिळत नाही.

मागणी ७ : निहालीसाठी स्वतंत्र तरतूद. जळगाव जामोद तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी बोलल्या जाणाऱ्या निहाली भाषेच्या ध्वनिमुद्रणासाठी, शब्दसंग्रहासाठी आणि निहाली मुलांच्या प्राथमिक वाचनपुस्तकांसाठी वेगळा निधी असावा. या कामात निहाली तरुणांना सहसंशोधक म्हणून घ्यावे.
कारण : भाषाशास्त्रज्ञ निहालीला एकाकी भाषा मानतात, जगातल्या कोणत्याही भाषाकुळाशी तिचे नाते सिद्ध झालेले नाही. डच पंडित काइपर यांनी १९६२ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. के. एस. नागराज यांचा तिच्यावरचा ग्रंथ २०१४ मध्ये म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाने काढला. बोलणारे दोन-अडीच हजारांच्या आसपास आहेत. या भाषेची पोथी नाही, म्हणून तिचा मध्ययुगीन इतिहास केवळ तिच्या शब्दांतच सापडू शकतो : कोरकूतून काय आले, मराठीतून काय आले आणि कोणत्या काळच्या मराठीतून आले. निहालीत मुरलेल्या मराठी शब्दांनी कदाचित मराठीचाच एखादा जुना थर सांभाळला असेल. पण हा लाभ दुय्यम आहे. ज्यांची भाषा आहे त्यांना ती पुढच्या पिढीला देता यावी, हे पहिले.

मागणी ८ : कोलते अभ्यासकेंद्र आणि यंत्रवाचन. डॉ. कोलते यांच्या जन्मतालुक्यात, मलकापूरला, अमरावती विद्यापीठाने मध्ययुगीन मराठीचे अभ्यासकेंद्र सुरू करावे. त्यांचे दुर्मीळ झालेले ग्रंथ शासनाने पुन्हा उपलब्ध करावेत. मलकापुरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला डॉ. कोलते यांचे नाव आहे. तेथील विद्यार्थी-शिक्षकांना सकळ व मोडी लिपीच्या यंत्रवाचनाचा प्रकल्प मिळावा.
कारण : मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली, पण हस्तलिखित मोडी किंवा सकळ वाचणारी भरवशाची यंत्रणा घडवायची तर जाणकाराने वाचून दिलेली हजारो पाने लागतात. म्हणजे येथेही पोथीवाचक आणि अभियंता एका टेबलाशी बसले पाहिजेत. ज्या माणसाने सांकेतिक लिपीतले ग्रंथ मराठी वाचकाला खुले करून दिले, त्याच्या नावाच्या महाविद्यालयात ती लिपी यंत्राला शिकवली जावी, याहून योग्य स्मारक आम्हाला सुचत नाही.

मागणी ९ : बाहेरच्या अभ्यासकांशी सहकार्याचे खुले दार. पुणे, मुंबई, पंजाब किंवा परदेशातून येणाऱ्या अभ्यासकांचे आम्ही स्वागत करतो. त्यांच्या कामाचा मराठी सारांश आणि गोळा केलेल्या ध्वनिफिती व प्रतिमा यांची प्रत जिल्ह्यात ठेवणे ही अट करारात असावी.
कारण : महानुभाव पंथ पंजाबपर्यंत पसरला आणि तेथील अनुयायांनी मराठी पोथ्या जिवापाड जपल्या. आमच्या पोथीचा हरवलेला भाऊ तिकडे असू शकतो. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली तरच असे पाठ जुळतील.

कामाचा क्रम

सर्व एकदम होणार नाही, हे आम्ही जाणतो. पहिल्या सहा महिन्यांत नमुना-करार (मागणी ३) आणि मेहकर व मलकापूर येथील लिपीवर्ग (मागणी ४) सुरू व्हावेत, कारण यांना पैसा कमी लागतो आणि उशीर सर्वांत महाग पडतो. पहिल्या वर्षअखेर तीन तालुक्यांची नोंदवही आणि छायाप्रती पूर्ण व्हाव्यात. निहालीचे ध्वनिमुद्रण यासोबतच सुरू व्हावे, कारण तेथेही माणसाचे वय हाच घड्याळाचा काटा आहे. दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी उरलेले तालुके, स्थानांचा अभ्यास आणि अभ्यासकेंद्र. कोश हे दीर्घ काम आहे, पण त्याचे पहिले हजार शब्द तीन वर्षांत वाचकांसमोर यावेत. जिल्हा पातळीवरील खर्चाची तरतूद जिल्हा वार्षिक योजनेतून आणि उरलेली मराठी भाषा विभागाकडून व्हावी. कामावर देखरेख करणाऱ्या समितीत पोथीधारक, बोलीभाषक आणि अभ्यासक यांचे प्रतिनिधी सारख्या संख्येने असावेत आणि त्यांत स्त्रिया असाव्यात. पंथातल्या महदाइसा आणि हिराइसा यांच्या स्मरणशक्तीवर आणि शब्दावर ज्या वाङ्मयाचा पाया उभा आहे, त्याच्या समितीत स्त्रिया नसणे शोभणार नाही.

आमची बाजू

मागणी करणाऱ्याने आपला वाटाही सांगितला पाहिजे. आमचे सभासद आपल्या घरातल्या पोथ्यांच्या प्रतिमा घेऊ देतील. लिपीवर्गांसाठी जागा आम्ही देऊ, आणि पहिल्या वर्षी मानधन येईपर्यंत आमचे जाणकार विनामोबदला शिकवतील. बोलीतल्या शब्दांच्या आमच्या वह्या कोशासाठी खुल्या आहेत. पंथ आणि अभ्यासक यांच्यात मतभेद झाल्यास दोघांना एका सतरंजीवर बसवण्याचा प्रयत्न आम्ही पदरमोड करून करू. अभ्यासकाने कटू वाटेल असे सत्य मांडले म्हणून त्याला गावातून परत पाठवणार नाही, आणि श्रद्धाळू माणसाने प्रश्न विचारला म्हणून त्याला अडाणी म्हणू देणार नाही.

या पत्राला साठ दिवसांत लेखी उत्तर मिळावे आणि आपल्या प्रतिनिधींनी जिल्ह्यात येऊन एक बैठक घ्यावी, ही विनंती.

सोबत आमच्या सभासदांकडील पोथ्यांची हाताने लिहिलेली यादी जोडली आहे. तिच्यात चार रकाने आहेत : पोथीचे नाव, कोणाच्या घरी आहे, कोणी वाचून सांगितले, आणि कोणी अभ्यासली. पहिले तीन रकाने आम्ही भरले आहेत. चौथा रिकामा ठेवला आहे. तो भरायला आपण माणसे पाठवावीत.

आपले विश्वासू,
संघटनेचे पदाधिकारी व सर्व सभासद
बुलढाणा